सुट्टीच्या दिवशीचं पाणी

मी नाल्याकाठचा पंप बोलतोय. सुरू होताना पोटातली हवा टाकत दोन-चार ढेकरा देतो, म्हणून मालक मला ‘ढेकऱ्या’ म्हणत.

मालकीण शहराच्या कडेला भाड्याच्या तुकड्यावर पालेभाजी पिकवायची. पोटात आधी पाणी ओतल्याशिवाय मी नाल्याचं पाणी ओढत नाही. त्यासाठी ती घरून पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणायची. “आधी तू घे, मग वाफ्यांना दे,” म्हणायची.

त्या घोटानंतर मात्र नालाच. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने होते. दुपारी पाणी कधी जांभळं, कधी हिरवट यायचं. कारखाने चालू असले की खारटही. माझ्या आतलं लोखंड त्यानं हळूहळू खाल्लं.

पुढे गिऱ्हाइकं विचारू लागली, भाजी कुठल्या पाण्याची? मालकिणीनं पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. तपासणाऱ्या बाईंना म्हणाली, “सुट्टीच्या दिवशी या, मी निवांत असते.”

बाईंची पाठ वळताच मालक हसले. “पाहुणे यायचे म्हणून घर आवरतेस, तसा नालाही आवरलास की!”

“गप्प बसा. जरा बरा दिसला तर कुणाचं काय बिघडतं?”

त्या दिवशी कारखाने बंद होते, पाणी नितळ. बाईंनी बाटली त्याच पाण्यानं खळबळली, काठोकाठ भरली, झाकण लावलं. निकाल आला : शेतीस योग्य.

गिऱ्हाइकांचा विश्वास बसला. माणसाची गंमत अशी, की पुढे मालकिणीचाही बसला. दुपारचं जांभळं पाणीही ती निर्धास्त सोडू लागली. मी ढेकरांशिवाय काय बोलणार?

मग पालकाच्या पानांच्या कडा करपल्या. मातीवर मिठासारखी पांढरी खपली धरली. वाफ्यात सोडलेलं पाणी मुरेना. मालकिणीनं बाईंना बोलावलं. “ताई, तुम्हीच योग्य म्हणाला होतात ना?”

बाईंनी खपली बोटांत चुरली. “मी त्या दिवशीचं पाणी तपासलं, मावशी. वाफ्यांना रोज तेच देत होतात का?”

मालकिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “उद्या दुपारी या. कारखाने चालू असतात.”

दुसरा निकाल आला : अयोग्य. माती धुऊन निघायला पुष्कळ गोडं पाणी लागेल, असं बाई म्हणाल्या. ते तिथं कुठून यायचं?

तुकडा सोडायच्या दिवशीही मालकीण सवयीनं तांब्या भरून आली. मी तोवर सुटा होऊन हातगाडीवर चढलो होतो. ती थबकली आणि ते पाणी तिनं वाफ्यात ओतलं. ते आत गेलं नाही. वर तसंच तळं करून राहिलं.

आता मी जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खातोय. कुणाला न्यायचं असेल तर जरूर न्या, थोडी डागडुजी केली की अजून ओढतो. फक्त पाणी तपासायला कुणाला बोलवाल, तर कामाच्या दिवशी बोलवा. पाहुणी जाते निघून. वाफ्यांना मात्र रोजचंच पाणी प्यायचं असतं.