पानातली खळ

शिंपी तसा मनाचा वाईट नव्हता. पण समोरच्या फोटोवाल्याने त्याच्या बायकोला जास्वंदीची कुंडी दिली, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

बायको उठली की आधी खिडकीशी. एकेक पान पुसायची, कुंडीशी गुजगोष्टी करायची. त्यात भर म्हणून फोटोवाला रस्त्यापलीकडून कुंडीकडे बघून ओरडायचा, ‘काय म्हणतेय आमची लेक?’ आणि ही खळखळून हसायची. आमची म्हणे! शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपल्यासमोर ही शेवटची कधी हसली, ते तो आठवून बघायचा, आठवायचं नाही, म्हणून आणखी जळायचा.

कुंडी फोडावी तर बोंबाबोंब. कोपऱ्यात ढकलावी तर ती पुन्हा खिडकीत आणणार. मग त्याला शाळेतला एक प्रयोग आठवला. मास्तरांनी पानाच्या मधोमध काळा कागद लावून कुंडी उन्हात ठेवली होती. नंतर पान उकळून त्यावर आयोडीन टाकलं, तर सगळं पान काळंनिळं आणि झाकलेला भाग तेवढा कोरा. पान उन्हात अन्न करतं, त्याची खळ साठवतं, ऊन नाही तर खळ नाही, असं मास्तर म्हणाले होते. बाकीची शाळा केव्हाच धुऊन गेली, पण खळ हा कपड्याचा शब्द, तेवढा डोक्यात राहिला. खळ गेलेली कॉलर कशी मान टाकते, हे शिंप्याला कोणी शिकवायचं? ऊन तोडलं की काम फत्ते. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली, जाताना कुंडीला पाणी घालायला बजावून गेली. पाणी त्याने इमानेइतबारे घातलं. आणि काळ्या अस्तराचे पानापानाच्या मापाने तुकडे कापून वरून-खालून चिमट्यांनी लावले. फोटोवाल्याने हटकलं तेव्हा कीड पडलीय, औषध बांधलंय म्हणून सांगितलं. ती यायच्या आदल्या दिवशी तुकडे काढून चिंध्यांत टाकले. अस्तराखाली पानं पिवळीधमक पडली होती. त्याला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोला.

बायको आली ती बॅग न ठेवताच खिडकीशी गेली. त्याने किडीची कथा सुरू केली. ती ऐकत एका पानावरून बोट फिरवत राहिली, जिथे पिवळं संपून हिरवं लागत होतं तिथून. ती कड नागमोडी होती, दात्यादात्यांची. अस्तराचे धागे सुटू नयेत म्हणून ते नेहमी नागमोडी कात्रीने कापायचं, ही हाताची सवय. पाप करतानाही हाताने ती सोडली नव्हती.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

“प्रत्येक पानाचं वेगळं माप घेतलंत?” तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

“सगळ्या गावाला शिवता. माझं माप सांगा बघू.”

शिंप्याने तोंड उघडलं. गळ्यात टेप लोंबत होती. फोटोवाल्याची छाती, कंबर, बाही, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बायकोचा एकही आकडा आठवेना.