बोलू नका, श्वास घ्या

माझ्या कानात एक माणूस राहतो. गेली अकरा वर्षं राहतो. स्टेथोस्कोप कानाला लावून कुणाच्या छातीवर टेकवला की तो घसा खाकरतो. एकदाच, आणि हळू. काही सांगायला सुरुवात करण्याआधी माणूस खाकरतो ना, तसा. मग गप्प बसतो.

सुरुवातीला वाटलं, नळीत घाण साचली असेल. नळी बदलली. मग स्टेथोस्कोपच बदलला, एक सोडून तीन. शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेले. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. कान तपासून म्हणाला, "मॅडम, थोडा आराम करा." आराम म्हणे. डॉक्टर आराम सांगायला लागला की समजावं, याला निदान जमलेलं नाही. मीही आयुष्यभर तेच केलंय, मला नको शिकवू.

मी छातीची डॉक्टर. दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर बाकं, आत टेबल, पडदा आणि तपासायचा पलंग. सव्वीस वर्षं एकच सिस्टर माझ्याबरोबर आहे. तिला माझ्या कानातलं भाडेकरू प्रकरण ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला नाही.

माझी पद्धत जुनी. पेशंट दारातून आत येतानाच मी बघायला लागते. खुर्चीपर्यंत येताना धापा टाकतो का, वाक्य एका दमात पुरं करतो का, मानेचे स्नायू ओढले जातात का. नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरते आणि मोजते मात्र श्वास, कारण श्वास मोजतेय म्हटलं की लोक शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतात. मग विचारायचं. खोकला कधीपासून, कोरडा की बेडका, बेडक्याचा रंग काय, झोपल्यावर वाढतो का, काम काय करता. मग पाठ उघडी करायची, बोटांनी ठोकायचं, एक-दोन-तीन म्हणायला लावायचं आणि ऐकायचं. ऐकताना माझा एकच नियम: मी सांगेन तेवढंच बोलायचं. नळ्या कानात असताना पेशंट मधेच बोलला की त्याचा आवाज डोक्यात हातोड्यासारखा आपटतो. त्यामुळे "बोलू नका, श्वास घ्या" हे वाक्य मी दिवसाला पन्नास वेळा म्हणते. झोपेतसुद्धा म्हणत असेन.

आणखी एक गोष्ट. माझ्याकडे खोकतो एक आणि बोलतो दुसरा. नवऱ्याचं बायको सांगते, सासूचं सून सांगते, आणि ज्याची छाती तो भिंतीवरचं घड्याळ बघत बसतो. मला ते सोयीचं पडायचं. बोलणारा माणूस भराभर सांगतो, बाहेर रांग असते.

अकरा वर्षांपूर्वी तो आला तोही असाच. बूट बनवणारा कारागीर. हाताने शिवलेले बूट, तळाला लाकडी खिळे. बायको बोलत होती. "यांना थंडी बाधते, हे रात्री खिडकी उघडी टाकतात, यांना मी शंभरदा सांगितलं." तो नुसता हसायचा. उजवीकडे पाठीत, खाली, बारीक शिट्टी ऐकू येत होती. मी दमा लिहिला. दोन महिन्यांनी न्यूमोनिया होऊन आला, उजवीकडे, खाली. बरा झाला. पुन्हा न्यूमोनिया झाला, मग तिसऱ्यांदा, तिथेच. एकाच खोलीला तीनदा आग लागली आणि मी तीनदा पाणी मारून घरी गेले. आग तिथेच का लागते हे काही मला सुचलं नाही. एवढी शिकलेली बाई मी.

तिसऱ्या खेपेला त्याची बायको पाणी प्यायला बाहेर गेली होती. मी त्याच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. तो खाकरला. म्हणाला, "डॉक्टर, एक..."

मी म्हटलं, "बोलू नका, श्वास घ्या."

त्याने श्वास घेतला. बायको आत आली. तो पुन्हा हसला. तीन आठवड्यांनी मोठ्या हॉस्पिटलात फुफ्फुसात गळू फुटून, रक्त ओकत तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता. काय सांगायचं होतं ते त्याच्याबरोबर गेलं, आणि खाकरणं माझ्याकडे राहिलं.

हे सगळं मी विसरले असते असं नाही, पण माणूस निर्ढावतो. खाकरण्याचीही सवय झाली होती. मग मागच्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, तीच बाई दारात उभी राहिली. केस पांढरे झालेले, तोंडाचा पट्टा तसाच. बरोबर वीस वर्षांची मुलगी.

"ओळखलंत का? आमच्या यांना तुमच्याकडेच आणायचे. ही आमची धाकटी. आता दुकान हीच बघते, यांच्याच हत्यारांवर काम करते. दोन महिने झाले खोकतेय. खाणंपिणं नाही, ऐकणं नाही, बापावर गेलीय अगदी."

यांच्या घरातली माणसं माझ्याकडे परत येतात हेच मला सहन होत नव्हतं. मी मनगट धरलं आणि श्वास मोजले. मिनिटाला बावीस. मुलगी घड्याळाकडे बघत होती.

"ताप?"

"ताप नाही," आई म्हणाली.

"बेडका?"

"थोडासा. सकाळी."

"अचानक सुरू झाला की हळूहळू?"

"हवा बदलली ना, तेव्हापासून," आई म्हणाली. मुलीने मान खाली घातली.

मी तिला पडद्याआड नेलं. पाठ ठोकली. डावीकडे पोकळ, छान. उजवीकडे खाली आवाज किंचित बसका. स्टेथोस्कोप ठेवला. आधी तो खाकरला, रोजच्यासारखा. आणि मग, उजवीकडे, खाली, एक बारीक शिट्टी.

तीच जागा. तोच सूर. तिला खोकायला लावलं. कफाची असेल तर शिट्टी जागा बदलते, नाहीतर जाते. ही गेली नाही. पण माझ्या कानांवर मी कशी विश्वास ठेवणार? अकरा वर्षं जे नाही ते ऐकणारी बाई मी. आजवर हा नुसता खाकरत होता, आज शिट्टी वाजवायला लागला नसेल कशावरून?

मी सिस्टरला बोलावलं. तिने ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. तिचंही वय झालंय. पण ते मी तिला कसं सांगू?

एक्स-रे काढून आणला. स्वच्छ. आता माझ्याकडे काय होतं? एका म्हातारीचा कान. तेवढ्यावर या मुलीच्या छातीत दुर्बीण घाला म्हणून मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली असती तर तिथली पोरं ती चहाबरोबर वाचून हसली असती. आणि लिहिली नसती, आणि शिट्टी खरी असती, तर? सहा महिन्यांत न्यूमोनिया, मग पुन्हा, मग तिसरा. ती वाट मला पाठ होती.

"दम्याचं औषध देताय ना?" आईने विचारलं. "यांना दिलं होतं तेच."

"तुम्ही जरा बाहेर बसा," मी म्हटलं.

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच बसा."

ती फणकाऱ्याने उठली. असं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरही तिच्यामागून गेली आणि दार ओढून घेतलं. मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मुलीसमोर स्टूल ओढून बसले.

"कधी ठसका लागला होता का? काम करताना?"

"नाही."

"खिळे तोंडात धरतेस?"

तिने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. बूटवाले मूठभर लाकडी खिळे ओठांत धरतात आणि जिभेने एकेक पुढे काढतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हे मला तिच्या वडलांच्या वेळी माहीत नव्हतं. काम काय करता हे विचारलं होतं, कसं करता हे विचारलं नव्हतं. तो गेल्यावर एकदा एका दुकानात असा कारागीर पाहिला आणि मी रस्त्यात उभीच राहिले होते. लाकूड एक्स-रेत दिसत नाही. पण तोवर उशीर झाला होता, आणि तोही नुसता अंदाज होता. विचारायला कोण उरलं होतं?

"हे बघ," मी म्हटलं, "तुझे वडील मला काहीतरी सांगणार होते. इथेच, या पलंगावर. मी त्यांना गप्प केलं. ते मला रोज आठवतं. तू तसं करू नकोस गं."

असं मी पेशंटपुढे बोलत नाही. मला त्याची लाजही वाटत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी होते इथे. पडद्याच्या त्या बाजूला, स्टुलावर बसले होते. नऊ वर्षांची होते."

मला ती आठवेना. आजही आठवत नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला मी निरखते म्हणे.

"बाबा म्हणाले, डॉक्टर, एक. आणि तुम्ही म्हणालात, बोलू नका." तिने पलंगाकडे पाहिलं. "मला इतकं बरं वाटलं. सुटले असं वाटलं."

"का?"

"मीच केलं होतं ते. बाबा काम करत होते, तोंडात खिळे होते. मी मागून हळूच जाऊन भ्वाँ केलं. ते दचकले. मग खोकत सुटले, पार निळे पडले. थोड्या वेळाने थांबलं. म्हणाले, गिळला बहुतेक, जाईल पोटातून, आईला सांगू नको हं, तुला मारेल ती. मग आजारी पडायला लागले. मी रोज वाट बघायची, आज सांगतील, आज सांगतील. त्या दिवशी सांगणारच होते."

बाहेर तिची आई सिस्टरला काहीतरी ऐकवत होती.

"आणि तू?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. दुकानात एकटीच होते. त्यांच्यासारखेच धरते मी खिळे. ते मला नको म्हणायचे, तरी धरते. शिंक आली." तिने छातीवर हात ठेवला, उजव्या बाजूला. "कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, बरोबरच झालं. माझं असंच व्हायला हवं."

"गाढव आहेस," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता, तिचा, त्याचा, माझा. "तुझ्या बापाने तुझी चुगली होऊ नये म्हणून जीव घालवला, आणि तू तो असा वाया घालवणार?"

मी चिठ्ठी लिहिली. त्यात कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. लाकडी खिळा, श्वासात गेलेला, दोन महिने, पेशंट स्वतः सांगते. ते वाचून कुणी हसणार नव्हतं.

गेल्या सोमवारी मायलेकी परत आल्या. मुलीच्या हातात औषधाची लहान बाटली, आत नखाएवढा खिळा, काळा पडलेला. मी पाठ तपासली. ठोकून पाहिलं, दोन्हीकडे पोकळ. स्टेथोस्कोप ठेवला. श्वास वरपासून खालपर्यंत मोकळा जात होता, शिट्टी नव्हती.

आणि तो खाकरला. मला वाटलं होतं, आता जाईल.

"डॉक्टर," मुलगी मधेच म्हणाली, "एक सांगू?"

"बोलू नका, श्वास..." मी म्हटलंच. तोंडातून गेलंच. मग नळ्या उपटून काढल्या. "सांग."

"आईला सांगितलं. सगळं. बाबांचंही."

मी पडदा सरकवला. आई टेबलाजवळच्या खुर्चीत बसली होती. ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती बाटलीकडे बघत होती.

"त्यांना वाटलं मी पोरीला मारेन," ती म्हणाली.

मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मारलं असतं हो," ती म्हणाली. "तेव्हा मी मारलंच असतं."

मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. सिस्टरने पुढच्या पेशंटला बाहेरच थांबवलं. रांग वाढत होती, आणि मी कुणाला घाई करा म्हटलं नाही.

तो अजून आहे. काल होता, आज सकाळीही होता. तो खाकरला की आता मी नळ्या काढते आणि पलंगावरच्या माणसाला विचारते, काही सांगायचं होतं का. बहुतेक जण नाही म्हणतात. मी तरी थोडा वेळ थांबते.