समुद्रापलीकडून आलेला बाप

समुद्राकाठच्या महदिया गावातल्या न्यायालयात शिरलात की उजव्या हाताला जो लांबलचक, झिजलेला बाक दिसतो, तो मी. मित्रांनो, एका मोडीत निघालेल्या मासेमारी नावेच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. "बाक असावा तर असा!" असे न्यायाधीशसुद्धा म्हणत. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी बाहेरच्या ओसरीतल्या या कोपऱ्यात झाली. माझा एक पाय डुगडुगू लागला, तरी कोणी पाहिले नाही.

अशातच लुत्फीचा खटला उभा राहिला. लुत्फी आमच्याच गावचा. समुद्रापलीकडे, इटलीतल्या सिसिलीत तो मासळीची गाडी चालवायचा. तिथे त्या गाडीने सायकलवरच्या आगाता नावाच्या मुलीला उडवले. ती गेली. लुत्फी थांबला नाही. बोटीत बसून थेट घरी आला. इटलीने त्याला मागितले. पण आपला नागरिक परदेशाच्या हवाली करायचा नाही, असा आमचा कायदा. खटला चालवायचा तर इथेच.

ओसरीत रोज वाद रंगे.

"आपला पोरगा परक्यांच्या हाती? छे!"

"मग काय, गुन्हा तिकडं करायचा आणि लपायचं इकडं?" शिपाई हमादी म्हणे. "समुद्र ओलांडला की पाप धुऊन निघतं का रे?"

गाडी आपला सोबती चालवत होता, असे लुत्फी सांगत राहिला. अपघात पाहणारे सारे समुद्रापलीकडे. खटला ढिला पडत चालला.

एका सकाळी आगाताचे वडील रोसारिओ आले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, म्हणून ते माझ्यावर टेकले. दुसऱ्या टोकाला लुत्फीची आई मबरूका होती. मधे तिची मुलगी वहीदा. तिला दोन्ही भाषा येत.

 मग मबरूका म्हणाली, "वहीदा, त्यांना म्हणावं, भाऊ, माझ्या लेकाला तिकडं न्यायचा हट्ट धरू नका. तिथल्या कोर्टात काय चाललंय, ते त्याला कळायचंसुद्धा नाही."

वहीदाने सांगितले. रोसारिओंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, मलाही इथलं काही कळत नाही. तरी आलोय. आधी वाटायचं, त्याला आमच्याकडेच उभं करावं. आता म्हणतो, कुठंही करा. पण माझ्या पोरीचं काय झालं, ते कुणीतरी खरं सांगा."

मबरूकाने ओढणीचे टोक डोळ्यांना लावले. इतक्यात पोलीस लुत्फीला घेऊन आले. ती ताडकन उठली. मी केवढ्याने करकरलो!

"लुत्फी, हा बाप परक्या भाषेत न्याय मागायला आलाय. तुला तर तुझ्या आईच्या भाषेत बोलायचंय. त्यातही खोटंच बोलणार?"

पोलीस लुत्फीला आत न्यायाधीशांसमोर घेऊन गेले. दार उघडेच राहिले होते, म्हणून मला ऐकू आले : "गाडी मीच चालवत होतो. ती पडलेली मला दिसली. मी घाबरलो आणि पळालो."

त्याला शिक्षा झाली. मबरूका रडली, पण निकाल ऐकून बाहेर आल्यावर ती रोसारिओंच्या शेजारी येऊन बसली. जाताना ते वहीदाला म्हणाले, "आता आगाताच्या आईला काहीतरी सांगता येईल."

मित्रांनो, आरोपीला कोणत्या देशात उभे करावे, यावर ओसरीत अजून वाद चालतात. चालू द्या, तुम्ही मोठे झालात की तुम्हीही घाला. मात्र एक विनंती आहे. तुमच्या दारी कोणी परका न्याय मागायला आला, तर तो कुठला, हे विचारण्याआधी त्याला बसायला जागा द्या. आणि तुमचा माणूस चुकला असेल, तर त्याचा हात सोडू नका. तो हात धरूनच त्याला खरे बोलायला न्या.