निकाल सांगणारा नापास

मोटारींच्या शर्यतीत आपला देश जिंकला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, शेवटच्या वळणावर, पुढच्या गाडीला आतून कट मारून.

वरचा मजकूर तुम्ही वाचलेला नाही. शर्यत अजून व्हायचीय, कुणाला काही ठाऊक नाही, आणि चेहरा जरा पडलेलाच ठेवा. कारण ड्रायव्हिंगची परीक्षा घेणारे साहेब संध्याकाळी सहाला घरी जाऊन शर्यतीचं रेकॉर्डिंग बघणार आहेत, आणि त्यांच्या दारावर नोटीस आहे: 'शर्यतीचा निकाल सांगणाऱ्यास नापास करण्यात येईल. हुकुमावरून.'

लॉन्ड्रीवालीने ती नोटीस दोनदा वाचली आणि तोंड घट्ट मिटलं. दुपारी इस्त्री करता करता तिने रेडिओवर शेवटची फेरी ऐकली होती आणि आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर तीन मिनिटं इस्त्री तशीच ठेवली होती. गिऱ्हाईक पाठीला भोक पडलेला शर्ट घालून नाचत घरी गेलं. एवढा अभिमान पोटात दाबून गप्प बसायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

पण बसणं भाग होतं. सोमवारपासून तिला इस्पितळाच्या चादरी धुवायचं काम मिळणार होतं. अट एकच: चादरींची ने-आण तिने स्वतः करायची. व्हॅन होती. ती आजवर मामा चालवायचे, पण सोमवारीच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि खरं सांगायचं तर गेले सहा महिने ते आठवणीवरच चालवत होते. लायसन्सच्या परीक्षेत ती सहा वेळा नापास झाली होती, सहाही वेळा रिव्हर्सला. पुढे जायला तिची कधीच ना नव्हती. मागे जायचं म्हटलं की हातपाय गळायचे. एकदा खांब, एकदा त्याच्या शेजारचा खांब, आणि गेल्या खेपेला साहेबांची स्वतःची सायकल.

"मामा, मागे गाठोड्यांत बसायचं आणि हूं की चूं करायचं नाही."

"मी कशाला बोलतोय? पण काय गं, तो शेवटचा कट..."

"मामा!"

मामांनी खिशातला रुमाल काढून आपणहून तोंडात कोंबला.

साहेब येऊन शेजारी बसले. मांडीवर फॉर्म, कानावर पेन, चेहऱ्यावर सायकल. "काचा वर. रेडिओ बंद. तोंडावर आनंद नको, दुःखही नको. चला."

वळणं झाली, चढ झाला, सिग्नलला ती वेळेत थांबली. मग व्हॅन एका लांब, अरुंद गल्लीत शिरली. गल्ली निम्मी होते न होते, तोच समोरच्या तोंडातून मिरवणूक आत घुसली. भोंगे, झेंडे, एका हातगाडीवर पुठ्ठ्याची रेसची गाडी आणि पुढे भला मोठा फलक. फलकावरचा 'जिं' दिसला मात्र, साहेब किंचाळले.

"झाका! मला झाका!"

मामांनी गाठोड्यातली इस्पितळाची, नमुन्यादाखल धुतलेली चादर ओढली आणि साहेबांच्या डोक्यावरून टाकली. आत साहेबांनी डोळे मिटले, दोन्ही कानांत बोटं घातली आणि ते ताठ बसून राहिले.

पुढे मिरवणूक, दोन्ही बाजूंना भिंती. लॉन्ड्रीवालीने मागे पाहिलं. मागे अख्खी अर्धी गल्ली होती, तीन खांब, एक कुंडी आणि एक झोपलेलं कुत्रं. हातपाय गळायला सवड नव्हती. तिने रिव्हर्स टाकला. खांब गेले. कुंडी गेली. कुत्र्याने एक डोळा उघडून चाकाकडे पाहिलं आणि समाधानाने पुन्हा मिटला. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन अशी येऊन टेकली की इस्त्रीची घडीसुद्धा इतकी सरळ बसत नाही.

पण तिथे वळसा घालून आलेलं मिरवणुकीचं दुसरं टोक उभं होतं. त्यांनी व्हॅन पाहिली. पुढच्या सीटवर इस्पितळाचा शिक्का असलेली पांढरी चादर पाहिली, तिच्याखाली ताठ बसलेला माणूस पाहिला, मागे तोंडात रुमाल धरलेला म्हातारा पाहिला. भोंगे थांबले. टोप्या उतरल्या. पुठ्ठ्याच्या गाडीमागून आलेल्यांनीही झेंडे खाली घेतले.

सगळं एकदम शांत झालं म्हणून साहेबांनी कानांतली बोटं काढली.

तेवढ्यात एका जाड्या गृहस्थाने मागच्या काचेवर हळूच टकटक केली. सवयीने मामांनी काच खाली केली.

"कधी गेले हो?" गृहस्थ टोपी छातीशी धरून म्हणाला. "आणि आजच्याच दिवशी! निदान आपली गाडी जिंकलेली बघून तरी गेले का?"

"नाही!" चादर ओरडली.

गृहस्थ जागच्या जागी खाली बसला.

साहेबांनी चादर भिरकावली. डोळे पाण्याने भरले होते. ते कशाने, हे त्यांनाच कळेना. "किती सेकंदांनी?"

"एका सेकंदाच्या आत," लॉन्ड्रीवाली म्हणाली. आता तिला हसू आवरेना. "आतून कट मारला, साहेब!"

साहेबांनी मूठ वर केली, मग खाली केली, मग बाहेर पाहिलं. "आपण इथे कसे?"

"रिव्हर्स घेतला."

"मी पाहिला नाही."

"मी पाहिला!" मामांनी रुमाल थुंकला.

"तुम्हाला मोतीबिंदू आहे. शिवाय तुम्ही नातेवाईक. न पाहिलेल्या रिव्हर्सला मार्क देता येत नाहीत."

तिला सोमवार डोळ्यांदेखत जाताना दिसला. पण पलीकडच्या गच्चीवरून एक आजीबाई ओरडल्या, "माझ्याकडे आहे की! मिरवणुकीचा व्हिडिओ घेत होते, त्यात ही मधेच आली!" टोपलीतून दोरीने मोबाईल खाली आला. साहेब उतरून व्हॅनच्या पायरीवर बसले आणि लोक भोवती गोळा झाले.

"सुंदर घेतलाय, साहेब, एकाही खांबाला..." जाडा गृहस्थ सांगू लागला.

"खबरदार!" लॉन्ड्रीवाली ओरडली. "साहेबांना निकाल सांगायचा नाही!"

साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी सरकारी नजर सहसा पडत नाही. मग बटण दाबलं. पहिल्या खांबाला त्यांनी श्वास रोखला. दुसऱ्याला मामांचा हात धरला. कुंडीला "गेली, गेली, गेली..." करत ते उभेच राहिले. कुत्र्याने डोळा मिटला तसा त्यांनी झेंडा हिसकावून घेतला आणि भर गल्लीत उड्या मारल्या. मग खाली बसून, धाप आवरत, फॉर्मवर शेरा लिहिला:

'उमेदवार उत्तीर्ण. तथापि, शर्यतीचा निकाल निम्नस्वाक्षरीकारास सहा वाजण्यापूर्वी कळल्याने त्याचे भरून न येणारे नुकसान झाले आहे. सबब, जागतिक मोटार शर्यत मंडळास विनंती की, सदर विजय तात्पुरता रद्द करून आपली गाडी शेवटच्या वळणाआधी होती त्या जागी पूर्ववत उभी करावी, व आज सायंकाळी सहा वाजता, निम्नस्वाक्षरीकाराने चहा घेतल्यानंतर, तिला पुन्हा जिंकू द्यावे.'