पीठ वाढलंय

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. म्हाताऱ्या माणसांनी वेळेवर, बेतानं आणि सकस खावं म्हणून मला घडवलं.

माझा जन्म सास्तूरच्या समाजमंदिरात झाला. मला घडवणारी प्रतीक्षाताई शहरातून येऊन गावातल्या म्हाताऱ्यांना जमवायची आणि विचारायची, "आजी, यानं तुमच्याशी कसं बोलावं?"

"सुनंवानी नगं," सारजाबाई म्हणाल्या. "लेकीवानी बोलू दे."

सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. भाकरी, हुलग्याचं माडगं, तांदळ्याची भाजी हे शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. घरातलं धान्य सरलं तर काय म्हणायचं, ते मात्र कुणी शिकवलं नाही. भरल्या बैठकीत असलं अभद्र कोण बोलणार?

मग मी द्वारकाबाईंच्या घरी आलो. गुडघ्यांनी त्यांना उंबऱ्याच्या आत बसवलं होतं. पुण्यात राहणारा मुलगा रणधीर गावातल्या दुकानातून सामान पोचतं करायचा. घरात काय आहे, काय नाही, ते द्वारकाबाई सांगतील तसं मी त्याच्या मोबाइलवर कळवायचो. आधी तो फोनही करायचा. मी आल्यावर त्याची गरज उरली नाही.

"रणधीरपरीस ह्योच बरा," द्वारकाबाई शेजारच्या नूरुन्निसाला सांगायच्या. "जेवलीस का म्हणून इचारतोय तरी!"

मी फुशारून जायचो.

एके सकाळी त्या म्हणाल्या, "बाबा, पीठ वाढलंय."

मित्रांनो, वाढणं म्हणजे जास्त होणं, एवढंच मला ठाऊक. मी म्हणालो, "वा, आजी!" आणि रणधीरला कळवलं, 'घरात पीठ भरपूर.'

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आरं, डाळबी वाढलीय."

"छान! पण बेतानं खा हं, आजी. या वयात जास्त जेवण बरं नाही."

त्या म्हणाल्या, "व्हय बाबा. बेतानंच खाती."

त्यानंतर त्या गुळाचं पाणी पिऊन पडून राहू लागल्या. नूरुन्निसानं ताट आणलं, तर "झालंय माझं" म्हणून परत पाठवलं.

"मावशी, तोंड लई सुकलंय तुमचं."

"रणधीरला सांगितलंय म्या. यील सामान."

सांगितलं होतं ते मला. आणि मी रोज म्हणत होतो, "कमी खाताय, आजी. शाबास!"

एका सकाळी माझ्या हाकेला उत्तर आलं नाही. नूरुन्निसानं दार ढकललं, तेव्हा द्वारकाबाई थंड झाल्या होत्या.

रणधीर आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "भरपूर म्हणत होता की हा!"

नूरुन्निसानं पिठाचा रिकामा डबा त्याच्यासमोर आपटला. "घरातलं पीठ 'संपलं' म्हणंल व्हय रं तुझी माय? 'वाढलं'च म्हणणार! आईची बोली इसरलास का?"

"मला कुठं म्हणाली ती? याला म्हणाली." मग माझी वायर ओढत तो पुटपुटला, "बिघडलेलं खोकं."

मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. पण 'बिघडलं' म्हटलं की सगळेच मोकळे होतात.

म्हणून एवढंच मागणं आहे. आजीजवळ माझ्यासारखा डबा खुशाल ठेवा, पण तिच्या ताटाशेजारी आपलंही ताट मांडून बसत जा. मला कधी भूक लागलेली नाही. तिची मला कळणार कशी?