आईच्या वर्षासाठी थांबली म्हणून

"आईच्या वर्षाची प्रार्थना व्हायच्या आत विमानात पाय ठेवलास, तर या दारात पुन्हा यायचं नाही," नेरेइदाला तिच्या थोरल्या बहिणीनं बजावलं होतं. एदुविहेसताईचा शब्द म्हणजे आपल्या बेटावरच्या हानिको गावात कायदाच. आणि मेलेल्याचं वर्ष सोडून लेक परदेशी पळाली तर गाव तोंडात शेण घालतं. मग काय, राहिली बिचारी. आली होती आईच्या आजारपणाला, आई दोन महिन्यांत गेली, आणि न्यूयॉर्कला परतायची एक वर्षाची मुदत मात्र टळून गेली. तिथल्या म्हाताऱ्यांचं वीस वर्षं हागणंमुतणं काढून मिळवलेलं ग्रीन कार्ड असं पणाला लागलं! वर्षाला अंगण माणसांनी भरलं, आल्याचा चहा फिरला, ताईनं मान ताठ करून मिरवून घेतलं.

आता न्यूयॉर्कच्या विमानतळावर पोलांको नावाचा अधिकारी समोर बसला होता. आडनाव आपल्याकडचं, बोलीही आपलीच, पण थोबाड कारलं खाल्ल्यासारखं.

"वर्षाहून जास्त राहिलात. का?"

"आईचं वर्ष होतं."

"माझ्या आजीचंही झालं, मावशी. इथंच, ब्राँक्समध्ये, भाड्याच्या खुर्च्या मांडून. दुसऱ्या दिवशी आई कामावर हजर. तुमच्याच आईला काय सोनं लागलं होतं?"

नेरेइदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्या बाईला मध्ये आणू नका."

त्यानं कागद पुढं सरकवला. "कार्ड स्वखुशीनं सोडते म्हणून सही करा आणि जा परत."

"का म्हणून? माझी खोली इथं आहे, भाडं चालू आहे. तिकडं फक्त आईसाठी गेले होते. विश्वास नसेल तर ताईला विचारा!"

त्यानं खरंच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कायमचीच आली होती ती," ताई म्हणाली. "अख्ख्या गावाला सांगितलंय मी. म्हाताऱ्या बापाचं मी एकटीनंच करायचं का? पाठवा तिला परत, साहेब."

"ताई! खोटं का बोलतेस गं?"

"डॉलर पाठवून कुणी लेक होत नसतं, नेरे." फोन कट.

पोलांको मिशीत हसला. "घ्या! घरचेच सांगतायत." त्यानं पेन तिच्या हातात कोंबलं.

तिनं ते टेबलावर आपटलं. सही करायची नाही, न्यायाधीश मागायचा, हे तिच्या बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही पाठ होतं. "ती काय मालकीण लागून गेली माझी? मला न्यायाधीशापुढं उभं करा. सही करणार नाही म्हणजे नाही!"

पोलांकोनं चरफडत दुसरा कागद ओढला. "सुनावणीची तारीख कळवू. तुम्ही सापडला नाहीत तर कुणाला सांगायचं? जवळचं माणूस?"

या प्रश्नाला वीस वर्षं ती ताईचंच नाव देत आली होती. आत्ताही ते ओठांवर आलं.

"कोणी नाही," नेरेइदा म्हणाली. "तसंच लिहा."