दोन हातांची पहिली मूठ

माझ्या लिंपणाला एका बाजूने भेग गेली आहे. नखाच्या जाडीएवढी. पावसाळ्यात शेणमाती ओल धरून फुगते आणि भेग मिटते. होळीच्या सुमारास ती पुन्हा उघडते. दाणे पोखरणाऱ्या सोंड्यांना आत यायला तेवढी वाट पुरते.

मित्रांनो, मी भात साठवायची एक जुनी कणगी आहे. खांडबाऱ्याच्या बाजारापलीकडे एक पाडा आहे, तिथे भिकुबाईच्या घरात मी उभी असते. तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडला, कारण त्या दिवसांतल्या बांबूला भुंगा कमी लागतो. त्याने मला विणले आणि नव्या नवरीने, म्हणजे भिकुबाईने, आतून-बाहेरून लिंपले. तो आता नाही. आम्ही दोघी उरलो आहोत, आणि दोघीही थकलो आहोत.

नीट वाळलेला भात मी वर्षभर सांभाळते. ओल राहिली तर दाणा आतून तापतो. हात घातला की ऊब लागते, आणि मग वास येतो. म्हणून भिकुबाई आधी दाणा दाताखाली फोडून बघायची. कट्ट वाजला तरच मला भरायची. पाड्यातल्या बायका म्हणत, "भिकुबाईची कणगी तिच्या पोरांपेक्षा शहाणी."

हे मावची आदिवासींचे घर आहे. घरात मावचीच बोलतात. तुमच्यासाठी मी ते शाळेतल्या मराठीत सांगते. आईला इथे 'याहा' म्हणतात, आणि धान्याची देवी याहा मोगी. नवा भात माझ्यात भरला की पहिली मूठ तिची. ती पळसाच्या पानावर ठेवतात, मोहाच्या दारूचे थेंब शिंपडतात, मग घर जेवते. तोवर नव्या भाताला कोणी तोंड लावत नाही.

भिकुबाईला दोन मुलगे. थोरला रामसिंग देवीचे सगळे करतो. धाकटा भीमसिंग तरुणपणी दारूत बुडाला होता. तेव्हा पाड्यात एक पास्टर येऊ लागले. मोटरसायकलला छोटा स्पीकर बांधलेला, आणि त्यातून मावचीतच येशूच्या गोष्टी. आपल्या बोलीत देव बोलतो आहे हे ऐकायला आधी सगळेच जमले. पुढे थोडे राहिले. त्यांत भीमसिंग होता. त्याची दारू सुटली. त्याने आणि त्याची बायको शांतीबाई हिने नेसू नदीत बाप्तिस्मा घेतला.

"बरं झालं," रामसिंग म्हणाला. "आता तुझ्या वाट्याची मलाच प्यावी लागणार. केवढं ओझं!"

"दादा, मी तुझ्यासाठीही प्रार्थना करतो."

"कर. पण हळू कर. कोंबड्या उठतात."

त्या दिवशी सगळे हसले. मग हंगाम आला. येशूचे विश्वासी लोकही पहिले पीक मंडळीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेत, नेऊन देवाला देतात. कणगी एक, आणि पहिली मूठही एकच. दोघे भाऊ माझ्यासमोर उभे राहिले, एकाच्या हातात पळसाचे पान, दुसऱ्याच्या हातात स्टीलचे ताट. भिकुबाईने दोन्ही हात एकदम माझ्यात घातले आणि दोन मुठी एकदम वर काढल्या.

"घ्या. आता भांडत बसा, कोणती पहिली म्हणून."

देवीच्या पुजाऱ्याने नाक मुरडले: मोगीला वाटणी चालत नाही. पास्टरही म्हणाले, मावशी, देवाला सगळं मन हवं. तरी ती दर हंगामात तसेच करत राहिली. कोणता हात दाण्याला आधी लागायचा हे मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही.

पण दुसरा प्रश्न मुठीने मिटणारा नव्हता.

"याहा, तू बाप्तिस्मा कधी घेतेस?" भीमसिंग विचारायचा. आईने आपल्यासोबत असावे, मेल्यावरही असावे, असे त्याला मनापासून वाटे.

"भात निघू दे, मग सांगते."

भात निघायचा. ती तो माझ्यात भरायची आणि पुढच्या भाताचे नाव सांगायची. रामसिंग काही विचारत नसे. मात्र ती रविवारी शांतीबाईबरोबर मंडळीत जाऊन बसली, की तो दिवसभर घराकडे फिरकत नसे.

यंदा भात पोटरीत, लोंबी बाहेर यायच्या बेतात असताना तिच्या डाव्या अंगावरून वारे गेले. भीमसिंगने मोटरसायकल चालवली, रामसिंगने मागे बसून तिला धरले, आणि दोघांनी तिला दवाखान्यात नेले. जीव वाचला, डावा हात उठला नाही. तिचे न्हाणेधुणे भीमसिंग करतो, तेल रामसिंग चोळतो. मला यंदा कोणी लिंपले नाही. शांतीबाई म्हणाली, "बाजारातून पत्र्याच्या दोन कोठ्या आणू. दोन घरं, दोन कोठ्या. याहाला तरी त्रास नको." याहाला कोणी विचारले नाही.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू वापरात ठेवा. भरलेल्या कणगीपेक्षा रिकामी कणगी लवकर वाकते. आणि थकलेल्या माणसाबद्दल काही ठरवायचे असेल, तर त्याच्याजवळ बसून ठरवा. ही माझी विनंती आहे. पुढे जे झाले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले, म्हणून सांगते.

भात निघाला. कोठ्या अजून आल्या नव्हत्या, म्हणून मलाच भरले. पान आणि ताट नेहमीसारखे समोर आले. शांतीबाईने सासूला उभे धरले. भिकुबाईने उजवा हात माझ्यात घातला. बराच वेळ तो दाण्यांतच राहिला. एकच मूठ वर आली, आणि ती पानावर गेली. मग तोच हात पुन्हा माझ्यात आला, आणि दुसरी मूठ ताटात पडली.

"ही दुसरी आहे, भीमसिंगा. तुला कळू दे."

"चालेल, याहा. पण..."

"पण तू विचारणार. विचारू नको, मीच सांगते."

तिचे तोंड वाकडे झाले आहे, शब्द सावकाश येतात. ऐकायला सगळे जवळ सरकले. रामसिंगसुद्धा.

"तुझ्या येशूने तुझी दारू सोडवली. मी रोज त्याला हात जोडते, आता एकच जोडते. रविवारी मला मंडळीत नेत जा, मी बसेन. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तुझं उतरलेलं तोंड मला बघवलं नसतं. आज उतरू दे. मी बाप्तिस्मा घेणार नाही."